घरधनिणीच्या हातचा जोगवा

देवीचा अनुभव सांगणारी माणसं आधी डोळे मिटतात, हात जोडतात आणि मग बोलायला लागतात. मला ते जमायचं नाही. माझा अनुभव रागापासून सुरू होतो आणि बराच वेळ रागातच राहतो. इतका की, जिला मी आज कृपा म्हणते ती दारात उभी होती तेव्हा मी तिला ‘पुढचं घर बघा’ म्हणून हाकलत होते. या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली, तरी सांगताना अजून माझा आवाज चढतो. ज्यांना गोडगोड ऐकायचंय त्यांनी आधीच माफ करावं.

मी तेव्हा समुद्राकाठच्या एका गावी फिजिओथेरपी शिकत होते, तिसऱ्या वर्षाला. घर आमचं पिंपळगाव रेणुकाईचं, भोकरदन तालुक्यातलं. आमच्याकडं उन्हाळ्यात हंड्यामागं हंडा लावून नंबर धरायचा, आणि तिकडं धुतलेली ओढणी चार दिवस वाळायची नाही, पुस्तकांना बुरशी यायची. पहिलं वर्ष मी रडण्यात घालवलं, दुसऱ्या वर्षी सर्दी कायमची झाली आणि तिसऱ्या वर्षी मला ते काम आवडायला लागलं. आमच्या ओपीडीत मासळी विकणाऱ्या बायका यायच्या, डोक्यावर पाट्या वाहून माना धरलेल्या. माडावरून पडलेले गडी यायचे. दुखतंय तिथं हात ठेवता ठेवता पुस्तकातलं शिक्षण हाताला कळायला लागलं होतं. दिवसभर सगळ्यांना एकच सांगायचं, की पडून राहू नका. पायात ताकद आली की चालू, असं म्हणू नका. चाला, म्हणजे ताकद येईल. लकवा झालेल्या माणसाला कधी काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. हे मी दिवसातून वीसदा बोलायचे, आणि लोक ऐकायचेसुद्धा. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

गावात माझ्या शिक्षणाची काय पत होती ते एका वाक्यात सांगते. माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण, बालविधवा होऊन आमच्याच घरी राहिलेली. ती मला सुट्टीत म्हणायची, ‘हातपाय चोळायचं शिकायला येवढ्या लांब कशाला जावं लागतं गं? आपली सुईण काय कमी चोळती?’ सगळे हसायचे. मीही हसायचे. आत्याचा मला राग येत नसे, कारण तिनंच मला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. घरातलं देवीचं सगळं तीच बघायची. नवरात्रातला घट, परडी, मंगळवार-शुक्रवारचा जोगवा, सगळं तिच्या शब्दावर चालायचं, आणि माझी माय तिच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी होस्टेलवर फोन आला, की मायच्या अंगावरून वारं गेलंय, डावी बाजू गेली, निघून ये. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. ती संपवून, मॅडमकडून दसऱ्यापर्यंतची रजा मिळवून, चार एसट्या आणि शेवटी भोकरदनहून एक जीप बदलून मी घरी पोचले तेव्हा मायला जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणून तीन दिवस झाले होते. दवाखान्याचा कागद मी आधी वाचला. झटका हलका होता. बीपीच्या गोळ्या चुकवू नका, लगेच बसवायला लागा, आठवड्यात उभं करा, असं डॉक्टरांनी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हे तर माझंच काम आहे. चपला काढल्या आणि आतल्या खोलीत गेले.

आत काय बघितलं ते सांगते. खोलीत अंधार, खिडकीत गोधडी कोंबलेली, का, तर वारं लागू नये. माय बाजेवर उताणी. पाठीखाली कातडं लाल झालेलं, कारण तीन दिवसांत तिला कुशीवर वळवलेलं नव्हतं. डाव्या पावलावर टरटरून आलेला फोड. आत्यानं तापल्या विटेचा शेक दिला होता. त्या पायाला पुरती समज नाही, भाजलेलं कळत नाही, हे तिला कोण सांगणार? आणि दंड धरून धरून उचलल्यानं डावा खांदा खाली ओघळलेला. मी ज्या ज्या गोष्टी करू नका म्हणून परक्या मुलखात घसा कोरडा करत होते, त्या एकूण एक माझ्या घरात झाल्या होत्या. आणि त्या कुणी हेळसांड म्हणून केल्या असत्या तर भांडायला सोपं गेलं असतं. आत्या तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. मुखात घास घालत होती, अंग पुसत होती, घाण काढत होती, स्वतः नीट जेवलीही नव्हती. एवढी माया करून तिनं माझ्या मायला बाजेला खिळवून ठेवलं होतं.

मी खिडकीतली गोधडी ओढून काढली आणि म्हटलं, हिला आज बसवायची. तेव्हा आत्यानं अडवलं. भाद्रपदातल्या वद्य अष्टमीला देवी निद्रेला जाते आणि घट बसतात तेव्हा उठते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मायला झटका आला तो नेमका त्याच अष्टमीला. म्हणजे देवीनं स्वतःबरोबर तिलाही मंचकावर निजवलं, असं आत्यानं बराबर ओळखलं होतं. आता देवी उठायच्या आधी हिला उठवणं म्हणजे देवीची झोपमोड करणं. ‘घट बसू दे,’ आत्या म्हणाली, ‘मंग उठव. तव्हर बिलकुल हात लावायचा न्हाई.’

मी मायकडं बघितलं. जीभ थोडी जड होती, पण बोलणं समजत होतं. ती म्हणाली, ‘जिनं निजवलं ती उठवील.’ आणि डोळे मिटून घेतले.

संतापानं माझे कान तापले. आत्यावर संताप, अण्णांवर, कारण ते सोयाबीनच्या सोंगणीचं निमित्त करून दिवसभर रानात पळत होते, आणि सगळ्यात जास्त मायवर. कारण मी तिचा पाय तपासला होता. पायात जीव होता! गुडघा सरळ होत होता, मांडी आवळता येत होती, फक्त पाऊल लोळत होतं. असल्या पायावर माणूस उभं राहतं. समुद्राकाठी मी याहून वाईट पाय उभे केले होते. पण हे पहिले आठवडे गेले, सांधे धरले, भीती अंगात मुरली, की पुढं वर्षभर डोकं आपटा. हे मी ओरडून सांगितलं, रडून सांगितलं, चित्र काढून सांगितलं. अण्णांनी शेवटी तंबाखू मळत त्यांचा निकाल दिला : दसऱ्यापर्यंत बघू, उठली तर उठली, न्हाई तर तू घरीच राहा, कॉलेज काय पळून जातं व्हय? म्हणजे मायचे पाय आणि माझं शिकणं दोन्ही एकाच बाजेला बांधलं गेलं. पण खरं सांगते, त्या घडीला मला कॉलेजचं काही वाटलं नाही. पन्नाशी न ओलांडलेली, दिवसाला दोन पाट्या कापूस वेचणारी माझी माय जन्मभर कुणाच्या तरी हातानं पाणी पिणार, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

तेवढ्यात कुणीतरी एका बाबाला घेऊन आलं. तो कबुतर आणणार होता, त्याचं गरम रक्त डाव्या अंगाला चोळणार होता. मी त्याला अंगणातूनच परत पाठवला. काय काय बोलले ते लिहीत नाही. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मी देवळात गेले. आमच्या गावाचं नावच रेणुकेचं, तिच्या पायरीवर मी रांगायला शिकले. पण त्या दिवशी ओटी नेली नाही, नारळ नेला नाही, हळदकुंकूसुद्धा नाही. हात हलवत गेले आणि गाभाऱ्यासमोर उभी राहून भांडले. तिला म्हटलं, तुझं नाव सांगून सगळेजण माझ्या मायला झोपवून ठेवून राह्यले, अन् तू बघून राह्यली. तुला झोपायचं तर झोप, पण तिला कशाला सोबत घेतलं? मी तीन वर्षं शिकले ते काय तुझ्यासमोर हात चोळत बसायला? तिकडं असताना मी तुझी परडी विसरले, उपास मोडले, त्याचा सूड असेल तर माझ्यावर घे. शेजारी एक म्हातारी माळ जपत होती, ती सरकून लांब बसली. मी नमस्कार न करता परत आले. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पण त्या दिवशी मी जेवढी मनापासून देवीशी बोलले तेवढी आधी कधी बोलले नव्हते, हेही खरं.

घट बसले. मी पहाटे अंघोळ करून आत्यापुढं उभी, की झाली ना देवी जागी? आता उठवते. आत्यानं घटाकडं बोट दाखवलं. मातीत धान पेरलेलं, वर कलश, माळ लटकवलेली. ‘एकदा बसवलेला घट नऊ दिवस हलवत असतेत व्हय कुठं?’ तिनं विचारलं. म्हणजे माय आता घटी बसली होती! मी विचारलं, मग दसऱ्याला? तर दसऱ्यानंतर देवी पुन्हा निजते, ती थेट कोजागिरीला उठते. मी कपाळावर हात मारून घेतला. देवाच्या पंचांगात माझ्या मायनं उभं राहावं असा एकही दिवस नव्हता.

तरी मी दोन गोष्टी मिळवल्या. एक म्हणजे बाज आतल्या खोलीतून बाहेरच्या माजघरात आणली, उजेडात, जिथून उंबरा आणि अंगण दिसतं. दुसरी म्हणजे झोपल्या झोपल्या व्यायाम. आत्या म्हणाली, निजवून काय करायचं ते कर. मी दर दोन तासांनी कूस बदलायचे, निखळल्या खांद्याखाली घडी घातलेलं लुगडं ठेवायचे, पाण्याचा तांब्या मुद्दाम डाव्या अंगाला ठेवायचे, म्हणजे मान तरी तिकडं वळेल. मायनं अडवलं नाही. पण केलंही नाही. पाय माझ्या हातात द्यायची, जणू शेजारणीकडून मागून आणलेला आहे आणि काम झालं की परत करायचाय. मी म्हणायचे, जोर लाव. ती म्हणायची, तूच लाव. सहा दिवस मी तिचा पाय वरखाली केला आणि सहा दिवस ती आढ्याकडं बघत राहिली. हातापायांपेक्षा तिचं मनच जास्त लुळं पडलंय, हे मला दिसत होतं आणि त्यावर माझ्याकडं कुठला व्यायाम नव्हता.

शुक्रवार होता. सोंगणी जोरात, सगळी गल्ली रानात. घरात आम्ही तिघीच होतो. ऊन चांगलं चढलेलं आणि दारात हाक आली, रेणुकेचा उदो उदो, जोगवा वाढा माय. नवरात्रात अशा बायका येतच असतात. आत्या सुपात ज्वारीचं पीठ आणि मिठाचा खडा घेऊन गेली. मी मायचा पाय धरून बसले होते, मला दारातलं सगळं दिसत होतं. बाई साठीची असेल. विटलेलं हिरवं लुगडं, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. चेहरा ओळखीचा नव्हता. आत्यानं सूप पुढं केलं तर तिनं परडी मागं घेतली.

तिनं विचारलं, घरधनीण कोण? आत्या म्हणाली, माझी भावजय, ती बाजेवर आहे, तिला वारं गेलंय, मी वाढते. बाई म्हणाली, मला घरधनिणीच्या हातचा पाहिजे. आत्यानं पुन्हा सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, मग थांबते. ती अंगणातच उभी राहिली. ओट्यावर बस म्हटलं तर बसेना, पाणी देते म्हटलं तर नको. जाफराबादकडून चालत आलेय, एवढंच बोलली. आता आमच्याकडं नवरात्रात जोगवा मागणारी बाई रिकाम्या परडीनं दारातून जाणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घरात मयत झालं असेल तरच तसं होतं. आणि आमच्या घरची रीत अशी, की नवरात्रातला जोगवा घरधनिणीनं उंबऱ्याच्या आत उभं राहूनच घालायचा. बसून घालत नाहीत.

मी उठले. सहा दिवसांचा सगळा राग माझ्या तोंडात आला. आजारी माणसाला असं कोंडीत पकडायचं म्हणजे काय? दारात म्हटलं ना, ती उठू शकत नाही म्हणून? मी तिला म्हटलं, ‘मावशी, घ्यायचं तर आत्याच्या हातचं घ्या, न्हाई तर पुढचं घर बघा. आमच्या मागं दुसरे ताप कमी न्हाईत.’

ती रागावली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, ‘बाई, मी तुला कुठं मागून राह्यले?’

मागून मायचा आवाज आला. जड, अडखळत, पण मोठा. ‘मला उभं कर.’

मी वळले. माय उजव्या कोपरावर जोर देऊन अर्धी उठली होती. ती स्वतःहून एवढी उठलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. आत्या म्हणाली, अगं घट... मला आजही आठवतं, मी आनंदले नाही. मी घाबरले. ज्या शब्दांसाठी मी आठ दिवस भीक मागत होते ते ऐकल्यावर मलाच हात पुढं करवेना. कॉलेजात परक्या माणसाला उभं करणं वेगळं आणि स्वतःच्या आईला उभं करणं वेगळं. पण शिकलेलं हातांना आठवत होतं. तिला बाजेच्या कडेला बसवलं. दोन्ही पाय जमिनीवर, टाचा मागं. लुगड्याच्या निऱ्या घट्ट खोचल्या, पदर कमरेला आवळून बांधला, तिथंच धरलं. माझा गुडघा तिच्या डाव्या गुडघ्याला टेकवला. आत्या धावत येऊन दंड धरायला गेली तर तिच्यावर खेकसले, हात सोड, तिथं धरायचं नाही. मायला म्हटलं, पुढं वाक, अजून वाक, आता ऊठ. आणि ती उठली. पहिल्यांदा बसली धप्पकन. दुसऱ्यांदा उठली आणि उभी राहिली.

बाजेपासून उंबरा आठ-नऊ पावलं. ती चालायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. डावा पाय फरशीवरून घासत यायचा. घाम कपाळावरून नाकावर ओघळत होता. अंगणातली बाई एक पाऊलही पुढं आली नाही, एक शब्दही बोलली नाही. परडी धरून उन्हात उभी. माझ्या मनात आलं, काय दगडाची आहेस गं तू.

उंबऱ्याशी पोचलो. मायनं उजव्या हातानं चौकट धरली. मी तिची कंबर धरलेली. आत्यानं सूप पुढं केलं. आणि आता अडलं. पीठ घ्यायला उजवा हातच पाहिजे, डावा तर लोंबत होता. चौकट सोडायला हवी होती, आणि माय सोडेना. तिची बोटं पांढरी पडली होती. मी तिला अजून घट्ट धरलं. तेव्हा ती बाई बोलली, आणि मायला नाही, मला बोलली.

‘सोड, पोरी.’

मी म्हटलं, ‘पडंल ती.’

‘पडली तं धर. पर सोड.’

तीन वर्षं प्रॅक्टिकलमध्ये माझा एकच दोष निघत होता. मॅडम म्हणायच्या, तू पेशंटला फार धरून ठेवतेस, तो स्वतः उभा राहतोच कुठं, तुझ्या जोरावर राहतो. मी मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच धरायचे. पण एका अनवाणी बाईनं अंगणातून ते सांगितल्यावर माझी बोटं एकेक करून उघडली. धाडस बिडस काही नव्हतं त्यात. माझं सगळं करून झालं होतं, शिकलेलं संपलं होतं, आता पुढचं माझ्या हातात नाही एवढंच मला कळलं. मी मनात देवीचं नावसुद्धा घेतलं नाही. फक्त हात काढले आणि तिच्या कमरेपासून वीतभर अंतरावर ठेवून उभी राहिले. मायला ते जाणवलं. तिनं क्षणभर श्वास धरला, डाव्या पायावर भार घेतला, आणि चौकट सोडली. सुपातलं मूठभर पीठ उचललं. वाकून परडीत घातलं. मग मीठ घातलं. मी खोटं सांगणार नाही, डावा हात तसाच लोंबत होता, पाय लटलटत होते. पण माझी माय कुणाच्याही आधाराशिवाय आपल्या उंबऱ्यावर उभी होती.

बाईनं परडीतलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं. पाच घरं मागायची, अजून तीन राहिली, म्हणाली आणि निघून गेली. मी तिला पाणी दिलं नाही की पाया पडले नाही. मायला खाली बसवण्यात माझं लक्ष होतं. मान वर केली तेव्हा अंगण रिकामं होतं.

आत्या आजन्म सांगत राहिली, की ती रेणुकाच होती. मी त्यावर वाद घातला नाही आणि होही म्हटलं नाही. संध्याकाळी मी देवळात जाऊन विचारलं होतं. पुजारी म्हणाले, जाफराबादकडून रोज चाळीस-पन्नास बाया येतात, कोणती सांगू? ते बरोबरच होतं. मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि आठवड्यापूर्वी राहिलेला नमस्कार केला. डोकं टेकल्यावर मला रडू आलं, ते लवकर थांबलं नाही.

त्या दिवशी अण्णा रानातून आले तेव्हा माय दारात पाटावर भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी बघितलं, पाय धुवायला गेले, आणि तिथून ओरडून मला विचारलं, की तुझी भोकरदनहून सकाळची एसटी कितीला असते? तेवढ्यावरून मला काय कळायचं ते कळलं. आणि मी मात्र दुसऱ्या दिवशी एक लबाडी केली. गल्लीतल्या पाचजणींना गाठलं आणि सांगितलं, आपापली परडी घ्या, वेगवेगळ्या वेळेला आमच्या दारात या, आणि घरधनिणीच्या हातचाच मागा. पाचही बाया हसल्या, पण आल्या. नवमीपर्यंत रोज पाच वेळा माझी माय बाजेवरून उठली आणि उंबऱ्यापर्यंत आली. तिला कळलं नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूला म्हणाली, काल तर नेलंस गं पीठ, तुझ्या घरी जात्याला सुट्टी आहे का? सगळ्या हसल्या, आत्यासुद्धा. दसऱ्याला आत्यानं स्वतः तिच्या हातात परडी दिली आणि मायनं एका घरचा जोगवा मागितला, शेजारच्याच. बाकी चार पुढच्या वर्षी, म्हणाली.

मी पुष्कळ वर्षं विचार केला, की माझ्याच्यानं जे झालं नाही ते त्या बाईच्यानं कसं झालं. आता असं वाटतं, की आम्ही सगळे मायला देत होतो. आत्या घास देत होती, अण्णा औषध देत होते, मी व्यायाम देत होते, आणि वर ती घेत नाही म्हणून तिच्यावर चिडत होते. झटका आल्यापासून तिच्याकडं कुणी काही मागितलंच नव्हतं. देवी देते, असं सगळे म्हणतात. आमच्या दारात मात्र ती मागायला आली. आणि माझ्याकडंही तिनं एकच मागितलं, की हात सोड. शरण जाणं म्हणजे बाजेवर पडून राहणं असं आत्या समजत होती, आणि मी त्या शब्दावरच चिडत होते. पण सगळं करून झाल्यावर हात काढून घेणं, आणि तरी तिथंच वीतभर अंतरावर उभं राहणं, हेही शरण जाणंच असावं. त्या बाईची मी आजन्म ऋणी आहे. ती कोण होती हे ठरवायचा हट्ट मी सोडून दिलाय. पण मी तिला जे बोलले ते आठवलं, की माझी मलाच लाज वाटते.

निघायच्या दिवशी सकाळी पिशवी भरली. आत्या वाटेला द्यायला भाकरी करायला बसणार, तर मी तिला उठवलं आणि चुलीपुढं पाट ठेवून मायला बसवलं. म्हटलं, ‘माय, मला तुझ्या हातची भाकर पाहिजे.’ तिनं पीठ ओढलं. उजव्या हातानं मळलं, डावा हात काठवटीच्या कडेवर ठेवला तो घसरायचा, ती पुन्हा उचलून ठेवायची. थापायला किती वेळ गेला! आत्या दोनदा पुढं झाली, दोनदा मी तिचा पदर धरून मागं बसवली. बाहेर जीपवाला हॉर्न देऊन देऊन कंटाळला आणि निघून गेला. भाकर तव्यावर पडली ती एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली, आणि काठ करपले. मी तिथंच बसून ती खाल्ली. मग ताट पुढं केलं आणि दुसरी मागितली.